दारात अडलेला पलंग

पलंग दारात अडला. दोन पाय अंगणात, दोन घरात, आणि मध्ये उंबरठ्यावर निस्तोरचा परलोक खोळंबलेला.

अंगणातून शेजारचा लिक्सांद्रु ओढत होता. घरातून निस्तोर ढकलत होता आणि खोकत होता. पलंग तरीही हलत नव्हता, कारण घरातल्या अर्ध्या भागावर निस्तोरची बायको दोम्निका मांडी ठोकून बसली होती.

“उतर गं,” निस्तोर म्हणाला. “माणसं जेवायची थांबलीत.”

“जेवू देत की. पलंग काय पानात वाढायचाय?”

अंगणात लांबलचक मेज मांडलेलं होतं. कोबीच्या पानात गुंडाळलेलं मांस होतं, गव्हाची गोड खीर होती, आलुबुखाराची दारू होती. जेवण निस्तोरच्या श्राद्धाचं होतं आणि निस्तोर जातीने हजर होता. ओल्तेनियाच्या मुलखात शहाणी माणसं असंच करतात. आपल्यामागे मुलं काही करतील न करतील, त्यापेक्षा जिवंतपणीच आपल्या हाताने उरकून टाकावं. इथे जे दान द्याल ते वर तुमच्या नावाने तयार असतं. ताट दिलं तर ताट, खुर्ची दिली तर खुर्ची. आज पलंग लिक्सांद्रुला द्यायचा होता. निस्तोरच्या आत्याची उशी द्यायची राहून गेली, ती अजून भाच्यांच्या स्वप्नात मान चोळत येते.

निस्तोरला घाई होती. क्रायोव्हा शहरातल्या डॉक्टरने त्याच्या छातीचा फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला होता, आणि मग फी घेतली नव्हती. तेव्हाच निस्तोर काय ते समजला.

अडचण दोम्निकाची होती. काही वर्षांपूर्वी ती नदीपलीकडच्या वेगळ्या पंथाच्या सभेला जायला लागली. त्या लोकांत वर फारसं कोणी जात नाही. मोजके जातात, पण त्यात आपल्या ओळखीचं कोणी नसतं. बाकीची माणसं पुन्हा इथेच, याच मातीवर उठतात आणि कायमची राहतात. मेलेल्यांच्या नावाने जेवण घालणं त्यांच्यात पाप. म्हणून आज स्वयंपाक शेजारणींनी केला होता आणि दोम्निका सकाळपासून पलंगावर होती.

निस्तोरचं डोकं चालेनासं झालं होतं. पाद्री व्हिसारियोन यांच्या म्हणण्याप्रमाणे तो वर जाणार आणि दोम्निका बाहेर राहणार. दोम्निकाच्या म्हणण्याप्रमाणे दोघंही खालीच उठणार. म्हणजे आपला धर्म खरा निघाला तर बायको गेली, आणि बायकोचा खरा निघाला तर पलंग लिक्सांद्रुच्या घरात.

“देव तुला आयता मोकळा करतोय,” लिक्सांद्रु घाम पुसत म्हणाला. तो विधुर होता आणि गोणपाटावर झोपत होता. “अन् तू तोंड पाडून उभा. माझी तर म्हणे स्वर्गाच्या फाटकातच वाट बघत बसलीय.”

पाद्रीबाबा मेजावरून उठून आले. खीर गार होत होती.

“निस्तोर, हा हट्ट सोड. कोठीतली खाट दे. एकट्या माणसाला खाट पुरते.”

“खाट नको. हाच द्यायचाय.”

“अरे, एवढा रुंद पलंग वर नेऊन करायचंय काय तुला?”

निस्तोरने पलंगाच्या कडेवरून हात फिरवला.

“ती आली तर?”

“ती यायची नाही. हजारदा सांगितलं तुला.”

“तुम्ही सांगितलंत हो. वरच्याला विचारलंत का?”

मेजावरचे चमचे थांबले. दोम्निकाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

निस्तोरने पलंग सोडला. तो तिच्या शेजारी टेकला आणि दम खात म्हणाला, “बरं, राहू दे हा इथंच. आज रात्री मलाही ने तुमच्या सभेला. नाव घाल माझं. मेलो तर इथंच उठेन, तूही उठशील. नवरा-बायको म्हणून पुन्हा सुरू करू.”

पाद्रीबाबांनी छातीवर क्रूसाची खूण केली. लिक्सांद्रुने पलंगाकडे शेवटचं पाहून घेतलं. इतकी वर्षं जिच्यासाठी दोम्निका घसा कोरडा करत होती ती गोष्ट झाली होती. तिने हसायला हवं होतं. ती डोक्याच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसायला लागली.

“नाही व्हायचं तसं.”

“काय नाही व्हायचं? उठणार नाही का मी?”

“उठशील रे. पण नवरा म्हणून नाही. मरणानं लग्न सुटतं, असं आमच्यात शिकवतात. उठल्यावर तू कोणी निस्तोर, मी कोणी दोम्निका. रस्त्यात भेटलास तर, बरं आहे ना, एवढंच विचारायचं.”

निस्तोरने पाद्रीबाबांकडे पाहिलं. निदान आपल्याकडे तरी लग्न टिकत असेल.

“तेवढं,” पाद्रीबाबा खाली मान घालून म्हणाले, “आपल्याही पुस्तकात तसंच आहे. तिथं लग्नबिग्न नसतं.”

दोन्ही धर्मांचं या गावात पहिल्यांदाच एकमत झालं होतं. कोणालाच बरं वाटलं नाही.

“म्हणजे वर जाऊनही नाही आणि खाली उठूनही नाही?” निस्तोरचा आवाज चढला. “मग इतकी वर्षं मला तुमच्यात ओढत होतीस ती कशाला गं?”

“शेवटचा दिवस येईल तेव्हा जे जिवंत असतील ना, ते मरतच नाहीत. त्यांचं लग्न तेवढं टिकतं,” दोम्निका म्हणाली. “धर्माचं कोण बोलत होतं? मी आपली सांगत होते, मरू नको.”