डिझेलच हवं

"डिझेल नसेल तर चल घरी," बाबा म्हणाले आणि शोरूमच्या दाराकडे वळलेसुद्धा.

आठवड्यातलं हे तिसरं शोरूम. पहिल्या दोन ठिकाणीही याच वाक्यावर घोडं अडलं होतं. आज निदान विक्रेत्यानं दिलेली चावी तिच्या, त्यांच्या मुलीच्या, हातात होती. मागच्या आवारात पेट्रोलवर चालणारी पांढरी पिकअप धुऊनपुसून उभी होती. सोमवारी सकाळी बोट क्लबच्या सव्वीस बोटी तळ्यातून काढून तिच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आणायच्या होत्या. ट्रेलर ओढायला गाडी नसेल, तर काम पलीकडच्या काठावरच्या वर्कशॉपला जाईल, असं क्लबच्या सचिवांनी स्वच्छ सांगितलं होतं. जुनी डिझेल पिकअप गेल्या आठवड्यात कायमची बसली होती.

"बाबा, थांबा!"

बाबा थांबले नाहीत. तिला धावत पुढे जाऊन त्यांची वाट अडवावी लागली.

"आधी माझं ऐकून तर घ्या."

"काय ऐकायचंय? चाळीस वर्षं डिझेलची इंजिनं उघडलीत मी. दोन टनांची ओली बोट उतारावरून वर खेचायची, तर गाडी हळू चालताना ताकद लागते. ती डिझेलमध्ये असते. पेट्रोलच्या इंजिनाला आधी बोंबलायला लावायचं, मग ते हलणार. तुझ्या बोटी काय कागदाच्या आहेत?"

"उतार तीस पावलांचा आहे. तेवढा ही गाडी बोंबलत का होईना, चढेल. पुढे वर्कशॉप चार किलोमीटरवर. डिझेलचं इंजिन नीट तापायच्या आत आपण पोचलेलो असतो. मग धुरातली काजळी जळत नाही आणि तिचा फिल्टर तुंबतो. जुन्या गाडीचा वर्षात तीनदा तुंबला. तिसऱ्यांदा तर भर उतारावर, ट्रेलरची चाकं पाण्यात असताना. फिल्टर कोणी काढला? तुम्हीच ना?"

"काढला ना? मग झालं तर!"

"काका, मॅडम बरोबर बोलतायत," मागून विक्रेता अदबीनं म्हणाला. "एवढ्या छोट्या फेऱ्यांना आम्हीही पेट्रोलच सुचवतो. ट्रेलर भरल्यावर वजन किती होतं तुमचं?"

बाबांनी मान वळवण्याचीही तसदी घेतली नाही. विक्रेता ओशाळला, हातातले कागद उगाच सारखे करू लागला. तिची कानशिलं तापली. परक्या माणसाचा असा पाणउतारा? इतका कसला तोरा?

बाबांचं काम तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. वर्कशॉपमध्ये ग्राइंडर दिवसभर किंचाळायचा, त्यामुळे तिथलं बोलणं खुणांनीच चाले. दोन बोटं वर म्हणजे बाराचा पाना, मनगट फिरवलं की मशीन बंद. बाबा गाडीच्या बोनेटवर तळहात टेकवायचे, डोळे मिटायचे आणि तिसरा इंजेक्टर गळतोय म्हणून सांगायचे. उघडून बघावं तर तिसराच असायचा. या हाताचा तिला अभिमान होता. पण गेल्या दोन वर्षांत हा हेकटपणा कुठून आला? फोन वाजला तर उचलत नाहीत, गिऱ्हाईक आलं की तिला पुढे ढकलून स्वतः गाडीखाली शिरतात. आणि तिनं काही ठरवलं की यांचं आपलं नाही ते नाहीच!

"वर्कशॉप माझ्या हवाली केलंत ना?" आता तिचाही आवाज चढला. "चार लोकांसमोर चाव्या दिल्यात. मग गाडी कोणती घ्यायची हेही मीच ठरवणार. की चाव्या नुसत्या नाचवायला दिल्या होत्या?"

बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घे. खुशाल घे. पण ती बिघडली की मला हाक मारू नकोस. डिझेल बोलतं. त्याचं काय दुखतंय ते मला कळतं. ही तुझी गाडी मुकी आहे."

"मुकी?"

"ठार मुकी."

तिनं त्यांचं कोपर धरलं आणि तरातरा मागच्या आवारात नेलं. विक्रेता पाठोपाठ आला. पिकअपपासून पाच पावलांवर बाबांनी हात सोडवून घेतला.

"मी हिला हात लावणार नाही, सांगून ठेवतो." ते हाताची घडी घालून समोर उभे राहिले.

"नका लावू. नुसतं ऐका."

ती आत बसली. दार धाडकन लावलं, चावी फिरवली. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हजारावर येऊन थरथरला. बाबा ढिम्म. तिनं ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. काटा दोन हजारांवर गेला, मग तीन. शेडच्या छपरावरची कबुतरं फडफडत उडाली. पलीकडे गाडी धुणारा माणूस पाइप हातात तसाच धरून वळून बघू लागला. बाबांच्या मागे उभा असलेला विक्रेता दोन पावलं सरकला आणि त्यानं दोन्ही कान हातांनी झाकले.

म्हणा आता मुकी, ती मनात म्हणाली आणि पाय तसाच दाबून धरला.

बाबांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं. मग बोनेटकडे. मग पुन्हा तिच्याकडे. त्यांच्या कपाळावरची आठी खोल होत गेली.

"अगं, नुसती बसून काय राहिलीस?" ते खेकसले. "चालू कर की!"