अर्धीच फिल्म

"अहो, खिडकीच्या काचेला अर्धी फिल्म लावून लपणार काय, कपाळ?" हवालदारीणबाई कडाडल्या.

"अर्धीच लाव," खुर्चीतून हवालदारांनी फिल्मवाल्याला फर्मावलं. "मधल्या आडव्या पट्टीपर्यंत."

दुधी फिल्मची गुंडाळी काखेत धरून फिल्मवाला दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. "काकू, बसलेला माणूस झाकला जाईल. उभा राहिला तर मात्र डोकं दिसणार."

"इथे उभं कोण राहणार आहे?" बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

हवालदारांनी उभं आयुष्य चौकात काढलेलं. त्यांचा तळहात वर झाला की भरलेला ट्रकसुद्धा जागच्या जागी थांबायचा. पक्षाघाताने उजवा पाय गेला आणि हा माणूस तळमजल्याच्या खिडकीशी खुर्चीत येऊन बसला. येणारा-जाणारा आत डोकावायचा, "अरेरे" म्हणायचा आणि पुढे व्हायचा. त्या अरेरेने त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. म्हणून तर फिल्म लावायचं ठरलं, आणि आता स्वारी अर्धीवर अडून बसली! शेवटी अर्धीच लागली. बाई दोन दिवस धड बोलल्या नाहीत.

पुढे हवालदारांच्या गुडघ्यांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. "पलंगाचा कोपरा लागला," ते म्हणायचे. बाई मलम चोळायच्या आणि त्या मेल्या पलंगाचा उद्धार करायच्या.

एका संध्याकाळी भाजी घेऊन त्या गल्लीत शिरल्या. सवयीने खिडकीकडे नजर गेली. फिल्मच्या वर पांढरे केस दिसले. मग कपाळ, मग मिशा. डोकं डुगडुगलं आणि खाली गेलं. बाई धावायलाच निघाल्या. डोकं पुन्हा वर आलं. पाठोपाठ तळहात वर झाला आणि समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबला.

"आमचे हे आहेत ते!" न विचारताच बाईंनी त्याला ऐकवलं. डोळे भरून आले होते, पण मान कशी ताठ! तरातरा खिडकीशी जाऊन त्या म्हणाल्या, "एवढं चाललं होतं तर मला सांगायचं नाही होय?"

वरच्या उघड्या झडपेतून चौकातला तो जुना आवाज आला.

"अगं, पडायचं तेवढं फिल्मच्या आड पडून घेतलं. पण उभा राहीन तेव्हा साऱ्या गल्लीला दिसायला नको?"