लिंबाएवढा

नलिनीबाईंच्या पित्ताशयातला खडा मेडिकल कॉलेजच्या संग्रहालयात ठेवलाय, हे सुनेच्या माहेरी एकूण एकाला तोंडपाठ होतं. "चांगला लिंबाएवढा होता," असं त्या दर सणाला पंगतीत सांगत. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "आता दाखवाच एकदा."

दोघी संग्रहालयातल्या कपाटापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा खडा बरणीच्या तळाशी अंग चोरून बसला होता, जेमतेम वाटाण्याएवढा. शेजारी मात्र नारळाएवढा एक दगड दिमाखात मांडला होता. विहीणबाई चष्मा पुसत होत्या, तेवढ्यात नलिनीबाईंचं बोट नारळाकडे वळलं. "हा माझा."

"अगबाई. आणि लिंबाएवढा म्हणत होतात?"

"स्वतःच्या तोंडानं किती सांगायचं?"

इतक्यात विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन एक प्राध्यापक आले. त्याच दगडाकडे बोट करून म्हणाले, "हा तुलनेसाठी ठेवलाय. घोडीच्या आतड्यातला आहे."

नलिनीबाई छताकडे बघत राहिल्या. विहीणबाईंनी हात धरून त्यांना बाहेर आणलं, पायरीवर बसून तोंडाला पदर लावून पोटभर हसून घेतलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "काळजी करू नका. घरी मी लिंबाएवढाच सांगेन."