मेजाचा नियम

रांगेत आई पुन्हा उभी होती.

पंचाच्या हातातला ट्रे हलला आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले एकमेकांवर किणकिणले. भाकर खाऊन, पेला पिऊन, आमेन म्हणून ती आत्ताच पहिल्या बाकावर जाऊन बसली होती. त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आता ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या नवऱ्यामागे, खांद्यावरची शाल सावरत, ती पहिल्यांदाच आल्यासारखी पुढे सरकत होती.

चर्चच्या मंडळीत त्याला समोर पंच म्हणत आणि पाठीमागे नियमराव. नोकरी वजनमापं खात्यात. आठवडाभर दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि रविवारी मंडळीतली माणसं. प्रभुभोजनाच्या मेजापाशी कोणी यावं, कोणी येऊ नये, हे नियम त्यानेच बसवलेले. त्यातला सगळ्यात कडक हा, की ज्याने कोणाला दुखावलंय त्याने आधी त्या माणसाकडून क्षमा मिळवायची, मगच भाकरीला हात लावायचा. गेल्याच महिन्यात भांडण न मिटलेल्या दोन जावांना त्याने दारातून परत पाठवलं होतं. एक रडत गेली, दुसरी त्याचा उद्धार करत. नियमराव दोघींनाही बधला नव्हता.

आई जवळ आली. गालावर त्याची बोटं अजून दिसत होती.

सकाळी उपासनेला उशीर होत होता आणि तिने अंगात घातलेले कपडे पुन्हा काढून ठेवले होते. त्याने हात उचलला. उचलला कसला, मारलंच. मग तिच्या पायाशी बसून त्याने माफी मागितली. ती गोंधळली. काय केलंत, म्हणून तिने विचारलं. त्याने सांगितलं. “छे, माझा मुलगा नाही हो असा,” ती त्यालाच ठासून म्हणाली. वाटेत त्याने पुन्हा मागून पाहिली, तर ती दुकानांच्या पाट्या वाचत बसली. जिने क्षमा करायची, तिच्याकडे गुन्हाच शिल्लक नव्हता.

तेव्हापासून त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं. दुसरा पंच आजारी, म्हणून ट्रे धरणं भाग होतं. धरायला नियम आड येत नव्हता, खायला येत होता. हा बारकावाही त्याचाच.

“आई, तुझं झालंय,” तो वाकून हळूच म्हणाला. “जाऊन बस.”

“माझं कुठे झालं?”

शेजारी भाकरीचं ताट धरून उभ्या असलेल्या पाळकांनी तुकडा उचललाच होता.

“एका उपासनेत एकदाच,” पंच पुटपुटला. “नियम आहे.”

“माहीत आहे. खाली सही माझीच आहे,” पाळक म्हणाले आणि तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. “घ्या आई.”

तिने खाल्ला, पेला प्यायला, आमेन म्हटलं आणि खुशीत परत गेली. पंचाला तिचा हेवा वाटला. असं कधी वाटेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

रांग संपली. वाढणाऱ्यांनी सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं, म्हणून पाळक ताट घेऊन त्याच्याकडे वळले. त्याने मान हलवली.

“का रे?”

“सकाळी आईला मारलं मी.”

पाळकांनी पहिल्या बाकाकडे, तिच्या गालाकडे पाहिलं. बाकांवर खोकणं, खाकरणं सुरू झालं. ऑर्गनवर तेच कडवं पुन्हा सुरू झालं.

“मग तिची क्षमा माग.”

“मागितली. तिला आठवतच नाही, ती क्षमा कशाची करणार? ती बरी व्हायची नाही आणि माझं हे मिटायचं नाही.” त्याचा आवाज चिरकला. “तुम्हीच सांगा आता, मी कुठल्या तोंडाने घेऊ?”

पाळकांचं अर्धं आयुष्य उपदेश करण्यात गेलं होतं. आता त्यांनी फक्त ताट त्याच्याजवळ सरकवलं.

तेवढ्यात ती आली. पुढे कोणी नव्हतं, तरी रांगेत असल्यासारखी थांबत थांबत आली आणि तिने हात पुढे केला. पाळकांनी तुकडा दिला. तो तोंडाशी नेता नेता तिचं लक्ष मुलाच्या चेहऱ्याकडे गेलं. हात तिथेच थांबला.

“हा जेवलेला नाहीये,” तिने पाळकांकडे तक्रार केली.

“आई, ते तुझं आहे. मला नको.”

तिने ऐकलं नाही. त्याच्या दोन्ही हातांत ट्रे होता, आणि मागे सरकायला जावं तर मेज. तिने एक तळहात त्याच्या हनुवटीखाली धरला, चुरा सांडू नये म्हणून.

“आ कर.”

त्याने तोंड उघडलं ते नाही म्हणायला. तुकडा आत गेला.

“नीट चावून खा,” ती म्हणाली. “रडायचं ते मग रड.”