तारा काढल्या त्या दिवशी

डॉक्टरांनी चिमट्याने शेवटची तार ओढून काढली आणि म्हणाले, आता हळूच उघडा. थोरलीने तोंड उघडलं. बोटभर उघडलं आणि अडलं. जिन्यावरून पडून जबडा मोडल्याला बेचाळीस दिवस झाले होते, आणि तेवढे दिवस वरचे-खालचे दात एकमेकांना बांधलेले होते. बोटभर तर बोटभर, तिला सगळी हवा एकदम आत आल्यासारखं वाटलं.

महिनाभर काही चावायचं नाही, जिभेने टाळूला दाबलं की मोडेल असंच खायचं, असं डॉक्टर बजावत होते. थोरलीने सवयीने लिहायची पाटी उचलली, मग भानावर येऊन ती धाकट्या जावेच्या हातात दिली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे केकचं दुकान होतं. शहरात जागोजागी निघालेल्या दुकानांपैकीच एक. त्याच्या काचेवर माणसाएवढं चित्र होतं, काळाभोर चॉकलेट केक आणि त्यावर ओतलं जाणारं दूध. दर सोमवारी तपासणीला आली की थोरली या खुर्चीत आ न करता पडून ते चित्र बघायची.

डॉक्टरांनी वळून पाहिलं. "तो चालेल. वरची चॉकलेटची कडक चकती मात्र तुमच्या जावेला द्या."

मग थोरली थांबते कसली. धाकटीचं मनगट धरून तिने तिला जवळजवळ ओढतच रस्ता ओलांडला.

थोरली बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. आठ तास बोलून घरी आली तरी तिची खिडकी काही बंद व्हायची नाही. समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. धाकटी रक्त तपासायच्या लॅबमध्ये, मायक्रोस्कोपला डोळा लावून दिवस काढणारी. घरात तिचा आवाज कुणाच्या फारसा ओळखीचा नव्हता. पण या बेचाळीस दिवसांत थोरलीला रोज संध्याकाळी काहीबाही मिक्सरमधून काढून, गाळून पाजताना, कुणीतरी बोलायला हवं म्हणून ती बोलू लागली, आणि बोलतच राहिली. थोरली ऐकत होती. आधी इलाज नव्हता म्हणून. नंतर संध्याकाळ कधी होते असं तिला व्हायला लागलं होतं.

काउंटरवरच्या मुलीने केक घरी नेणार का म्हणून विचारलं.

"इथेच," थोरली म्हणाली. तो घोगरा आवाज कुणाचा म्हणून तीच दचकली. धाकटी हसली.

फ्रिजमधून काढलेल्या केकच्या डब्यावर बघता बघता दव जमलं. मुलीने चकतीच्या कडेने गार दुधाची धार सोडली. केकने ती बसल्या जागी पिऊन टाकली. थोरलीने चकतीवर चमचा आपटला. ती टचकन फुटली. तुकडे तिने धाकटीपुढे सारले, खालचा मऊ केक चमच्यात घेतला, वरचा ढीग पाडून सपाट केला आणि कसाबसा चमचा आत सरकवला.

आधी नुसता गारवा लागला. तारांनी जिथे जिथे खरचटलं होतं तिथे तो बोट फिरवल्यासारखा पोचला. मग तिने जीभ टाळूला दाबली. केक बसला आणि सगळं दूध एकदम सुटलं, थंड, गोड, आणि त्याच्या मागून कोकोचा कडवटपणा हळूच आला. बेचाळीस दिवस जे काही पोटात गेलं ते दातांच्या फटीतून, नळीने. घास असा नव्हताच. हा घास होता. थोरलीला हसू फुटलं, हसण्याने जबडा कळवळला, तो दोन्ही हातांनी धरून ती तशीच हसत राहिली. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवर आलं तरी तिने पुसलं नाही.

एवढ्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला. त्याला तिचा आवाज ऐकायचा होता. खातेय, मग बोलू, एवढं ऐकवून तिने फोन उलटा ठेवला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, रस्ता ओलांडल्यापासून धाकटी गप्प होती. चकतीचा तुकडा हातात तसाच, बोटांना चॉकलेट लागायला लागलेलं, आणि कान लाल झालेले.

"काय गं?" थोरली म्हणाली.

"वहिनी, नवी लॅब सुरू होतेय. मुख्य म्हणून मला बोलावलंय." धाकटीने एका दमात सांगून टाकलं. "दुसऱ्या गावाला. सकाळी मी हो म्हणून आले. घरात कुणाला अजून माहीत नाही." मग तिने त्या गावाचं नाव सांगितलं.

कधीपासून, राहणार कुठे, मुलांचं काय, सासूबाईंना कोण सांगणार. सगळं एकाच वेळी थोरलीच्या जिभेवर आलं. त्या गावाला जाणाऱ्या चार बसच्या वेळासुद्धा आल्या. तोंड बोटभर उघडलं.

ते बघून धाकटी थांबली.

थोरलीने खाली बघितलं. चमचा जेवढा आत जाईल तेवढा भरला, तोंडात घातला आणि ओठ मिटले. मग रिकामा चमचा धाकटीसमोर गोल फिरवून तिने खूण केली, पुढे.