वीस टक्के

धाकटीची दाढ दुखायला लागली आणि थोरलीला मनातून बरं वाटलं.

"तासाभरात आले गं ताई. बिल झालं की गिऱ्हाईकाकडे स्क्रीन फिरवायची आणि जरा हसायचं, एवढंच," असं सांगून धाकटी गाल धरून डॉक्टरांकडे गेली. थोरलीनं पिठाचे हात धुतले, एप्रन बदलला आणि बेकरीच्या काउंटरवर येऊन उभी राहिली.

टिप मागणारं ते मशीन आल्यापासून तिच्या पोटात दुखत होतं. पहाटेपासून भट्टीपाशी घाम गाळून पाव भाजायचे हिनं, आणि बिल करते म्हणून टिप धाकटीला. पैशांचं तिला एवढं नव्हतं. पण बाहेरून 'थँक्यू हं ताई' ऐकू आलं की जळफळाट व्हायचा. भट्टीला कोण थँक्यू म्हणतंय!

पहिली बाई आली. थोरलीनं स्क्रीन तिच्याकडे फिरवली. दहा, पंधरा, वीस टक्के, आणि खाली बारीक अक्षरांत 'नको'. हसायचं राहिलंच, थोरली बाईच्या बोटाकडे टक लावून बघत राहिली. बाईनं घाईघाईनं 'नको' दाबलं. पुढच्या दोघांनीही तेच केलं.

मग रोजचे रिटायर्ड मास्तर आले. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि सरळ वीसवर बोट ठेवलं. थोरलीचा चेहरा खुलला.

"आज त्या दुसऱ्या ताई नाहीत?"

"दाढ दुखतेय तिची."

"अरेरे. मग ही टिप त्यांना द्या हं, आठवणीनं. काय सुरेख पाव करतात हो! हाताला चव आहे पोरीच्या."

पाव मी करते, हे थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तोवर मास्तर पिशवी घेऊन दाराबाहेर पडलेसुद्धा.

धाकटी परत आली. "मिळाली का गं टिप?"

"मिळाली. तुझ्यासाठी दिलीय मास्तरांनी."

"मी नसताना?" धाकटी अर्ध्या बधिर तोंडानं हसली. "बघ, लोकांचा किती जीव आहे माझ्यावर!"

थोरली आत गेली. संध्याकाळच्या पावांचं पीठ तिनं मापून परातीत ओतलं, यीस्ट घातलं, पाणी घातलं. डब्यातून मूठभर मीठ घेतलं. बाहेर स्क्रीन फिरल्याचा आवाज आला, पाठोपाठ धाकटीचं हसू.

थोरलीनं मूठ परत डब्यात सोडली, झाकण घट्ट लावलं आणि पीठ मळायला घेतलं.