समोरच्या मैदानातली पाटी

घराआधी पाटी दिसली. समोरच्या मोकळ्या मैदानात, दोन खांबांवर, पिवळ्याधमक पत्र्यावर काळी ठसठशीत अक्षरं: ‘प्रस्तावित ऊर्जा साठवण प्रकल्प. प्रवेश बंद.’

बायको गाडीतून उतरली ती थेट पाटीकडे. नवऱ्याने कपाळाला हात लावला. घर बघायला यायचं आणि आधी विजेचे खांब न्याहाळायचे, ही तिची जुनी खोड. नोकरीच वीज कंपनीत, त्याला इलाज नव्हता. घरं बघताना त्या नोकरीचं नाव काढायचं नाही, एवढं मात्र दोघांचं ठरलेलं होतं. मागच्या खेपेला त्याने ते काढलं, आणि घरमालकिणीने खोल्या दाखवायच्या सोडून जुनी बिलं पुढ्यात आणून टाकली होती.

“हा ‘साठवण’मधला ठ बघ,” नवरा म्हणाला. “पोटात ठिपका. औषधाची गोळी गिळल्यासारखा.”

तिने पाटीच्या कडेला नख घासून पाहिलं. पलीकडे नुसतं गवत होतं आणि एक मोडका गोलपोस्ट.

“पण ही भानगड काय असते?” त्याने विचारलं.

“मोठमोठ्या बॅटऱ्या. जास्तीची वीज भरून ठेवायची, लागेल तेव्हा काढायची.”

“म्हणजे विजेचं कोठार.”

“तसंच काहीसं.”

घर एका आजोबांचं होतं, विकायची घाई त्यांच्या मुलाला होती. फाटकाशी तोच आला. “जपून हं, रंग नवा आहे,” तो म्हणाला. “बाबांना रिकामं बसवत नाही. मध्ये जिन्यावरून पडले, तरी ब्रश सुटत नाही. मी तिकडे अकराव्या मजल्यावर, हे इथे एकटे. फोन वाजला की मी आधी चपला शोधतो हो.”

घर लहानसंच, पण बायको पाहताक्षणी हरखून गेली. स्वयंपाकघराला दोन बाजूंनी खिडक्या होत्या आणि ऊन थेट ओट्यावर पडलं होतं. फळीवर डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर रंगवलेलं नाव: चहा, साखर, पीठ, मीठ.

“अक्षर बाबांचं,” मुलगा म्हणाला. “जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी.”

तिने मिठाचा डबा उचलला, उजेडात धरून त्यावरचं अक्षर निरखलं आणि तो जागेवर ठेवला.

“हे घर मला हवंच,” ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली. तो खूश झाला. घरं बघून बघून त्याचे पाय दुखायला लागले होते.

चहा घ्यायला सगळे पुढच्या खोलीत बसले. आजोबा खिडकीशी होते.

“पाटी तुम्ही पाहिलीच असेल,” मुलगा म्हणाला. “मी लपवत नाही. पण दोन कचेऱ्यांत विचारलं, कुणालाच पत्ता नाही. आता थेट वीज कंपनीतच जाऊन येणार आहे. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.”

“कसला सोक्षमोक्ष?” आजोबा म्हणाले. “आलेली सगळी गिऱ्हाइकं पाटी बघून परत गेली. लोक काय वेडे आहेत? शंभर बॅटऱ्या येणार. दिवसरात्र घूं घूं. आग लागली तर विझायची नाही. मी आपलं खरं ते सांगतो, मग कुणाला आवडो न आवडो.”

बायकोचे डोळे चमकले. चौकशी करायला मिळाली की तिला आणखी काही लागत नसे.

“पाटी कधी लागली, आजोबा?”

“पावसाळ्याआधी.”

“मोजणीला कोण आलं होतं?”

“दोघं होते. टोपीवाले.”

“कसल्या रंगाच्या टोप्या?”

आजोबांनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं. “पिवळ्या.”

मुलगा आणखी चहा आणायला आत गेला. तिने खुर्ची जवळ ओढली. “घर सोडायचं तुमच्या मनात आहे का?”

“मनाला कोण विचारतं, पोरी? इथून चौकापर्यंतच्या सगळ्या पाट्या माझ्या हातच्या. सकाळी एकेक वाचत फिरून येतो. अकराव्या मजल्यावरून काय वाचू? पण त्याचा जीव माझ्यासाठी तुटतो. त्याला तोंडावर नाही म्हणवत नाही.”

मुलगा किटली घेऊन आला. तिने एकदा स्वयंपाकघरातल्या उन्हाकडे पाहिलं, मग सरळ बसली.

“तुम्ही वीज कंपनीत हेलपाटा घालू नका,” ती म्हणाली. “मी तिथेच आहे. असल्या प्रकल्पांच्या जागा ठरवण्याचंच काम करते. हा प्रकल्प होणार.”

नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. आजोबा खिडकीकडून तिच्याकडे वळले.

“खरंच होणार?” त्यांनी विचारलं. चेहरा पार उतरला होता.

“हो. पण आमची कामं कशी असतात, ठाऊकच आहे तुम्हाला. वर्षानुवर्षं रखडतात. तोवर पाटी तेवढी उभी राहते.”

मुलाने किटली खाली ठेवली. “म्हणजे घर कुणी घेणार नाही.”

“सध्या तरी नाही. जिन्याला कठडा बसवून घ्या. आणि येत जा अधूनमधून.”

“यावंच लागेल,” तो म्हणाला. “दुसरं काय करणार?”

फाटकापर्यंत आजोबा सोडायला आले. तिचा हात त्यांनी बराच वेळ धरून ठेवला.

गाडी चौकाच्या पुढे गेल्यावर नवऱ्याचा बांध फुटला. “इतकं मनासारखं घर! आणि प्रकल्प तुझ्याच कंपनीचा असून तुला तो पाटी वाचून कळावा?”

“आमच्या कंपनीचा नाही तो.”

“मग कुणाचा?”

ती रुमालाने नखातला पिवळा रंग पुसत होती. तो अजून ओला होता.

“आजोबांचा.”